खाडीत सीप्लेनचा धक्का: पर्यावरण परवानगी कुठून, कशी आणि कोणाच्या सहीने

सीप्लेनची बातमी छापून आली की किनारपट्टीवरून दोन तऱ्हेची विचारणा सुरू होते. एक रिसॉर्टवाल्यांची, पर्यटन संस्थांची, कधी नगरपरिषदेच्या पदाधिकाऱ्यांची: “धक्का तरंगता आहे, सिमेंटचं काम नाहीच, मग पर्यावरणाची परवानगी कशाला?” दुसरी कोळीवाड्यांतून: “विमान खात्याने हो म्हटलंय म्हणे. आता आमचं कोण ऐकणार?”

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी गैरसमज एकच. विमान उडवण्याची परवानगी वेगळी आणि त्या विमानासाठी बंदरात किंवा खाडीत काही उभारण्याची परवानगी वेगळी. ऑगस्ट २०२४मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सीप्लेनसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि विमानाच्या बाजूची कटकट बरीच कमी झाली. त्यावरून ‘आता सगळं सोपं झालं’ असा सूर लागला. किनाऱ्याचे नियम मात्र होते तिथेच आहेत.

पुढची माहिती धक्का बांधू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि ज्यांच्या पाण्यात तो होणार आहे त्यांनाही. धरणाच्या जलाशयाचा विचार इथे केलेला नाही. तिथे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) लागू नाही, जलसंपदा आणि वन विभागांचे वेगळे नियम लागतात.

कामाचे तुकडे करून बघा

अर्जात ‘सीप्लेन सुविधा’ एवढंच लिहून भागत नाही. प्रत्येक तुकड्याला वेगळा नियम लागतो, म्हणून आधी कागदावर यादी करा:

- तरंगता धक्का आणि त्याला धरून ठेवणारे खांब किंवा नांगर
- किनाऱ्यापासून धक्क्यापर्यंतची वाट
- प्रवासी कक्ष, शौचालय, पार्किंग, पोचरस्ता
- विमान पाण्याबाहेर काढण्यासाठी उतार
- इंधनाची साठवण
- गाळ काढायचा असेल तर किती, कुठून, आणि तो टाकणार कुठे
- पाण्यावरची धावपट्टी

शेवटच्या दोन गोष्टींकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि प्रकरण अडतं ते बहुधा तिथेच. पाण्यावरच्या धावपट्टीत बांधकाम काहीच नसतं, पण ट्विन ऑटरसारख्या एकोणीस आसनी विमानाला किलोमीटरहून लांब, मोकळं, पुरेसं खोल पाणी लागतं. कोकणातल्या खाड्यांत असा सरळ पट्टा सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी ओहोटीला तिथे वाळूचा दांडा उघडा पडतो. उधाणाच्या भरतीला नकाशा करून ‘खोली पुरेशी आहे’ असं लिहिणारे सल्लागार असतात. तुम्ही उधाणाच्याच ओहोटीला, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना, होडीतून जाऊन स्वतः बघा. तेव्हा पाणी कमी पडत असेल तर गाळ काढावा लागणार. आणि एकदा गाळ आला की प्रकरणाचा आकार बदलतो: गढूळ पाणी, कालवं-तिसऱ्यांच्या जागा, गाळाची विल्हेवाट, दर काही वर्षांनी पुन्हा तेच काम. माझं मत विचाराल तर, गाळ काढल्याशिवाय जमत नसेल ती जागा सोडून द्या.

नकाशावर तुमची जागा कुठे पडते?

सध्याचा मूळ आधार म्हणजे १८ जानेवारी २०१९ची सीआरझेड अधिसूचना. जिल्ह्याचा किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा तिच्यानुसार मंजूर झालेला असेल तरच ती तिथे लागू होते. नसेल तर २०११ची. तुमच्या जिल्ह्याचा मंजूर आराखडा कोणता, हे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा, किंवा त्यांना लेखी विचारा.

सीप्लेनच्या धक्क्याला सहसा एकाहून जास्त वर्ग लागतात:

- सीआरझेड १-अ: कांदळवन, प्रवाळ, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा, पक्ष्यांच्या वसाहती, जैविकदृष्ट्या समृद्ध चिखलपट्टे. शक्यतो इथे पाऊलच टाकू नका.
- सीआरझेड १-ब: भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा. जेट्टी, धक्का, उतार यांसारख्या कामांना वाव आहे, पण परवानगी घेऊनच.
- सीआरझेड २ आणि ३: जमिनीकडचा भाग, अनुक्रमे शहरी आणि ग्रामीण. प्रवासी कक्ष आणि पार्किंग इथे येतं. गाव ‘३-अ’मध्ये आहे की ‘३-ब’मध्ये यावर समुद्रकिनाऱ्यालगतचा ना-विकास पट्टा ५० मीटर की २०० मीटर हे ठरतं. खाडीकाठचं अंतर वेगळं मोजतात.
- सीआरझेड ४: पाणी. समुद्रात बारा सागरी मैलांपर्यंत, आणि खाडीत जिथवर भरतीचा प्रभाव पोचतो तिथवर. ऐन उन्हाळ्यात पाण्याची क्षारता हजारात पाच भाग जिथे भरते तिथवर ही हद्द धरतात.

म्हणून ‘आमचा धक्का खाडीत आत आहे, समुद्र कुठे जवळ आहे?’ हा युक्तिवाद टिकत नाही. तरंगता धक्काही त्याच पाण्यात असतो. त्याचे खांब तळात रोवले जातात, त्याची वाट १-ब ओलांडून येते. सिमेंट नाही म्हणून परवानगीची गरज नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

अर्जासोबत लागणारा नकाशा १:४०००च्या मापाचा असावा, भरती-ओहोटीच्या रेषा केंद्राने मान्य केलेल्या संस्थेनेच आखलेल्या असाव्यात आणि त्यावर तुमचा आराखडा बसवलेला असावा. गावातल्या सर्व्हेअरने काढलेला नकाशा चालत नाही. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, तेव्हा पहिलं काम हेच हाती घ्या.

कोणाकडे जायचं?

पाण्यात आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काम असेल तर सर्वसाधारण वाट अशी: राज्य प्राधिकरण तपासून शिफारस करतं आणि मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देतं. केवळ २ आणि ३ वर्गांतलं काम राज्याच्या पातळीवर निपटतं. सीप्लेनच्या धक्क्याचे पाय पाण्यातच असल्याने पहिला मार्ग लागू शकतो.

यापुढचा प्रश्न जास्त अडचणीचा: ईआयएची, म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेखालची, पर्यावरण मंजुरीही लागते का? त्या अधिसूचनेच्या परिशिष्टात विमानतळ आहे, बंदर आहे, गाळ काढणं आहे. ‘पाण्यावरचं विमानतळ’ असं वेगळं नाव मात्र नाही. गुजरातमधल्या साबरमती आणि स्टॅच्यू ऑफ युनिटीच्या प्रस्तावांच्या वेळी, २०२०मध्ये, केंद्राच्या तज्ज्ञ समितीने नाव यादीत नसलं तरी परिणाम विमानतळासारखे असू शकतात असं मत नोंदवलं होतं. तेव्हा ‘यादीत नाही म्हणजे सुटलो’ असं समजू नका. कामाची वरची यादी जोडून मंत्रालयाला विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी ‘लागत नाही’ हे उत्तर पुढे कोणत्याही न्यायालयात उपयोगाचं नाही.

याशिवाय, जागेनुसार:

- बंदर प्राधिकरण: मुंबई बंदराच्या हद्दीत मुंबई पोर्ट अथॉरिटी, इतर बहुतेक ठिकाणी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. त्यांची ना-हरकत ही पाण्याच्या हद्दीपुरती असते, तिला पर्यावरण परवानगी समजू नका.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ: सीआरझेडच्या अर्जाला मंडळाची ना-हरकत लागू शकते. पुढे बांधण्याची आणि चालवण्याची संमती वेगळी.
- वन्यजीव: अभयारण्यात किंवा त्याच्या परिसर-संवेदनशील क्षेत्रात जागा असेल तर प्रकरण राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत जाऊ शकतं. पर्यटनवाल्यांचा डोळा ज्या मालवणवर, तिथे १९८७पासून २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि ते रामसर स्थळही आहे.
- पुरातत्त्व: सिंधुदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा हे किल्ले केंद्राच्या संरक्षणात आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ‘किल्ल्याच्या पायाशी विमान उतरेल’ असं माहितीपत्रकात छापण्याआधी हे अंतर मोजा.
- इंधन: साठवणीला पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेचा परवाना. सोपा उपाय म्हणजे धक्क्यावर इंधन ठेवूच नये. विमानाने मूळ तळावरून भरून यावं. अर्जातला एक मोठा धोका त्यामुळे आपोआप गळतो.

कांदळवनाचं प्रकरण

यावर जरा थांबू, कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

१७ सप्टेंबर २०१८च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळवन तोडीवर सरसकट बंदी घातली. सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य आहे असं न्यायालयाला पटलं तरच मोकळीक मिळते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की किनारा प्राधिकरण हो म्हणालं, मंत्रालय हो म्हणालं, तरी एक जरी तिवर तोडायचं असेल तर उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. पूल, रेल्वे, जलवाहिनी यांसाठी सरकारी यंत्रणा अशा परवानग्या घेतात. खासगी रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठीचा धक्का ‘सार्वजनिक हित’ आहे हे न्यायाधीशांना पटवणं अवघड.

शिवाय बऱ्याच ठिकाणी कांदळवनाची जमीन राखीव वन म्हणून अधिसूचित झालेली आहे. तिथे वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी वेगळी लागते. गावच्या दप्तरात ती ‘खाजण’ किंवा ‘खार जमीन’ म्हणून दिसत असेल, सातबाऱ्यावर तुमचं नावही असेल, तरी कांदळवन कक्षाकडून स्थिती तपासून घ्या. सातबारा मालकी दाखवतो. तिथे काय करता येईल हे तो सांगत नाही.

‘झाडं तोडणार नाही, फक्त वाट काढणार’ म्हणणाऱ्यांनी तिवराची श्वासमुळं बघावीत. खोडापासून बऱ्याच अंतरापर्यंत ती चिखलातून वर आलेली असतात. त्यांवर मुरूम टाकला की झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि कायद्याच्या नजरेत तेही नुकसानच. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा मोकळा सोडायचा, हे धरूनच आराखडा काढा.

अर्जाचा क्रम

१. सीआरझेड नकाशा आणि ओहोटीची खोली. इथेच जागा नापास झाली तर बाकीचा खर्च वाचतो.

२. मंत्रालयाकडून ईआयएबद्दल लेखी खुलासा, आणि बंदर प्राधिकरणाशी प्राथमिक बोलणं.

३. पर्यावरण अभ्यास. सागरी भाग वेगळा मांडलेला हवा. सल्लागार निवडताना त्याने याआधी खाडीत काम केलंय का हे बघा. महामार्गाच्या अहवालात ‘रस्ता’ पुसून ‘धक्का’ लिहिलेले अहवाल समितीसमोर पडतात.

४. धोका मूल्यांकन आणि आपत्ती व्यवस्थापन आराखडा: विमान-नौका टक्कर, इंधन सांडणं, पक्षी धडकणं.

५. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर अर्ज, मग राज्य प्राधिकरणाची बैठक. अर्ज पूर्ण असेल तर शिफारशीसाठी साठ दिवस. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. एक परिशिष्ट कमी असेल तर दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही.

६. मंजुरी आल्यावर प्रदूषण मंडळाची संमती, आणि मगच कामाचा नारळ.

तिसऱ्या टप्प्यात ऋतूचं भान ठेवा. मे महिन्यात केलेल्या पाहणीत ऑलिव्ह रिडले कासवं दिसणार नाहीत. ती कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. ठाणे-शिवडीकडचे फ्लेमिंगो पावसाळ्यात नसतात. सकाळी अकराच्या भरतीला गेलेल्या पथकाला ओहोटीला चिखलात उतरून कालवं काढणाऱ्या बायकाही दिसणार नाहीत. अहवालात ‘मासेमारी नगण्य’ असं वाक्य येतं ते असं. ते खोटं ठरलं की अख्ख्या अहवालावरचा विश्वास उडतो, म्हणून अर्जदाराच्याच हिताचं आहे की पाहणी गावातल्या माणसाला सोबत घेऊन व्हावी.

इथे पाय घसरतो

- ‘चाचणी उड्डाण झालंय, म्हणजे परवानगी आहे.’ डिसेंबर २०१७मध्ये गिरगाव चौपाटीला प्रात्यक्षिक झालं, नोव्हेंबर २०२४मध्ये कोचीच्या बोळगट्टीहून माट्टुपेट्टी धरणावर विमान गेलं. प्रात्यक्षिक ते प्रात्यक्षिक. माट्टुपेट्टीच्या वेळी वन विभागाने हत्तींच्या वावराचा मुद्दा काढलाच.
- तुकडे पाडणं. आधी ‘प्रवासी जेट्टी’ म्हणून मंजुरी, मग तिलाच विमान बांधायचं. वापर बदलला की मंजुरीतही बदल करून घ्यावा लागतो.
- ‘आधी बांधू, नंतर नियमित करू.’ नंतर मिळणाऱ्या मंजुरीवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल मागे घेतला. ज्या मुद्द्यावर न्यायालय सहा महिन्यांत फिरू शकतं त्यावर कर्ज काढू नका. पर्यावरण कायद्याखालचा दंड आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे, आणि बांधलेलं पाडायचा आदेश आला तर तो खर्च वेगळाच.
- प्राणी हलवून जागा मोकळी करणं. स्टॅच्यू ऑफ युनिटीजवळच्या तलावातून २०१९मध्ये मगरी पकडून हलवल्या. टीका देशभर झाली आणि तिथली सीप्लेन सेवा २०२०च्या ऑक्टोबरात सुरू होऊन काही महिन्यांतच बंद पडली.

तुम्ही मच्छीमार असाल तर

पावसाळ्यात विमानही उतरणार नाही आणि होड्याही वर ओढलेल्या असतात. भांडण आहे ते उरलेल्या महिन्यांचं, तेही नेमकं सकाळच्या शांत पाण्याचं, कारण दोघांनाही तेच हवं असतं. २०१३मध्ये केरळात कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरात सीप्लेनचं उद्घाटन झालं आणि मच्छीमारांच्या विरोधापुढे सेवा अडकली. आपल्याला विचारलं नाही, हाही तिथला एक मुद्दा होता.

जनसुनावणीची वाट बघत बसू नका. ईआयए लागली आणि प्रकल्प त्या वर्गात बसला तरच ती होते. नुसत्या सीआरझेड प्रकरणात ती होईलच असं नाही. म्हणून:

- ‘परिवेश’वर आपल्या जिल्ह्याचे प्रस्ताव तपासत राहा. राज्य प्राधिकरणाच्या बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्तही संकेतस्थळावर येतं. बैठकीआधी पोचलेली हरकत कामाची. नंतरची फक्त दप्तराची.
- स्वतःचा नकाशा करा. डोलीचे खुंट कुठे, रापण कुठे ओढतात, होड्यांची ये-जा कुठून, मासळी सुकवण्याची जागा कोणती, कालवं-तिसऱ्या कुठे मिळतात. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपता येतात. संस्थेच्या लेटरहेडवर, सह्यांनिशी, नौकांच्या नोंदणीच्या प्रतींसह तो द्या. मासेमारीची गावं आणि सामायिक जागा किनारा आराखड्यात दाखवणं सरकारवर बंधनकारक आहे. तिथे तुमची जागा सुटली असेल तर तेही लिहा.
- जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय किनारा समिती असते आणि तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत, माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.
- ‘विरोध’ एवढंच लिहू नका. विचारा: विमान उतरताना पाणी किती मिनिटं बंद? दिवसात किती वेळा? जाळं तुटलं तर भरपाई कोण, किती दिवसांत? संध्याकाळनंतर उड्डाण नाही, ही अट मंजुरीपत्रात येणार का? अट कागदावर आली तरच ती पुढे लावून धरता येते.

सुनावणी झालीच तर तिचे नियम तुमच्या बाजूचे आहेत. किमान तीस दिवस आधी सूचना, तीही एका मराठी दैनिकात. अहवालाचा सारांश मराठीत. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी दर्जाहून खालचा नको. चित्रीकरण सक्तीचं. गणसंख्येची अट नाही, त्यामुळे ‘माणसं कमी आली म्हणून रद्द करा’ ही मागणी चालत नाही. बहिष्कार टाकून घरी बसलात तरी सुनावणी झाली असंच धरतात. शेवटी इतिवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवावा लागतो. तो वाचून होईपर्यंत कोणी उठू नका. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथल्या तिथे, चित्रीकरण चालू असताना, सांगून घालून घ्या.

मंजुरीनंतर

सीआरझेड मंजुरी सात वर्षांची, तीन वर्षांपर्यंत वाढवता येते. अर्जदाराने दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो आणि तो लोकांना बघता आला पाहिजे. तो येत नसेल तर गप्प बसू नका, मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला लिहा.

मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात तीस दिवसांच्या आत अपील करावं लागतं. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही दिवस नाही. भरपाई मागत नसाल तर शुल्क हजार रुपये. अर्जदारानेही ही मुदत संपेपर्यंत पाण्यात खांब रोवायची घाई करू नये.

मुदत मोजायची ती मंजुरी कळवली गेल्यापासून, आणि संकेतस्थळ, वर्तमानपत्र, ग्रामपंचायतीचा फलक यांपैकी जिथे ती रीतसर आधी आली तिथपासून. ‘आम्हाला उशिरा कळलं’ हे कारण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मंजुरीपत्राची प्रत, जाहिरातीचं कात्रण आणि फलकाचा फोटो, तिन्हीवर तारीख घालून, पहिल्याच आठवड्यात वकिलाकडे द्या.